खडा सापडला, पुढे?

श्रोतेहो, नमस्कार. मी रेडिओलॉजिस्ट आहे. पोटाचे आणि ओटीपोटाचे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम.

शिकत असतानाची एक संध्याकाळ सांगते. कंबरेतून जांघेकडे कळ उतरत होती म्हणून एकाचा सीटी स्कॅन झाला होता. मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला 5 मिलिमीटरचा पांढराशुभ्र खडा दिसला. मी खुशीत रिपोर्ट लिहायला घेतला. आमच्या मॅडमनी माउस हातात घेतला आणि सगळ्यात वरच्या चित्रावर नेला. पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांचा तळही थोडा येतो. तिथे वाटाण्याएवढी गाठ होती. ते चित्र मी उघडलं होतं, पण गाठ मला दिसली नव्हती.

एक उत्तर हाती लागलं की नजर सैलावते. हुशार माणसाचीही सैलावते. म्हणून क्रम ठरवून घ्यायचा: यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडं, आतडी, रक्तवाहिन्या, ओटीपोट, शेवटी हाडं आणि कडेचे कोपरे. वाटेत काहीही सापडो, क्रम मोडायचा नाही.

दुसरी गोष्ट विंडोची, म्हणजे पडद्यावर चित्राचा काळा-पांढरेपणा ठरवणाऱ्या सेटिंगची. सीटीत घनतेनुसार प्रत्येक गोष्टीला एक आकडा असतो: पाण्याचा 0, चरबीचा साधारण उणे 100, हवेचा उणे 1000. पण पोटाच्या नेहमीच्या विंडोत चरबी आणि हवा दोन्ही काळीच भासतात. आतड्याला भोक पडून निसटलेला हवेचा बारीक बुडबुडा त्या काळ्यात बेमालूम लपतो. फुप्फुसाची विंडो लावली की चरबी उजळते आणि बुडबुडा तेवढा काळा उरतो. क्षणाचं काम आहे, पण ते दर वेळी करायलाच हवं.

आता तुमच्याकडे मागणं. डॉक्टरांनी स्कॅनसाठी दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' लिहिलेलं असतं तेव्हा फार हळहळ वाटते. दुखतं कुठे, किती दिवस, ताप आहे का, आधी कुठलं ऑपरेशन झालंय, हे सांगा. अपेंडिक्स काढलेलं आहे हे कळलं नाही, तर मी तेच शोधत बसते. जुने स्कॅन सोबत आणा. यकृतावरचा डाग तीन वर्षांपूर्वीही तेवढाच असेल, तर पुढच्या तपासण्या बऱ्याचदा टळतात.

आणि बायांनो, सोनोग्राफीच्या वेळी पाळीची तारीख विचारली तर संकोचू नका. बीजकोशात 2 सेंटिमीटरची पाण्याची पिशवी दिसली आणि पाळी येऊन तेरा-चौदा दिवस झाले असतील, तर बहुतेक वेळा ते त्या महिन्याचं बीज पिकत असतं. पाळी कायमची थांबलेल्या बाईत त्याच पिशवीकडे मला वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.