पुन्हा गोदावरीत

(दृश्य : पैठण, पहाटेचा घाट)

गोदावरीचं पाणी अजून काळंच आहे. पायऱ्यांवर ओली पावलं उमटतात, वाळायच्या आत त्यांवर दुसरी उमटतात. स्नान करून वर येणारी ही माणसं नीट बघा. ओलं धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं, अंगावर काटा, आणि समोर चढ.

साडेचारशे वर्षांपूर्वी संत एकनाथ असेच नदीवरून घरी निघायचे. कथा सांगते, वाटेत एक माणूस टपून बसलेला असायचा. नाथ वर आले की अंगावर थुंकायचा. नाथ वळायचे, खाली उतरायचे, बुडी मारून पुन्हा चढायचे. तो पुन्हा थुंकायचा. एका दिवसात हे 108 वेळा झालं म्हणतात.

नाथांनी वाट बदलली नाही. आवाज चढवला नाही. आणि स्नानही सोडलं नाही. आमच्या मते सगळं बळ इथेच आहे. थुंकणाऱ्यानं नाथांचा दिवस कसा जाईल हे ठरवायचा प्रयत्न केला, नाथांनी ते त्याच्या हाती जाऊ दिलं नाही. शेवटी तो पाया पडला.

(दृश्य : कावडीनं पाणी आणणारे भाविक, नाथवाड्यातला रांजण)

तुकाराम बीजेपासून हा रांजण भरायला घेतात. नदीवरून पाणी येत राहतं, कळशीमागून कळशी रिती होते. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी. 1599 साली याच तिथीला नाथांनी देह ठेवला.

याच घरी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य ठरवलेल्या भुकेल्यांना वाढलं गेलं. गावानं वाळीत टाकलं. नाथ भांडले नाहीत, वाढलेलं पान मागेही घेतलं नाही.

(दृश्य : वाड्याचा आतला भाग)

नाथांना राग आणून दाखव, दोनशे रुपये देतो, असं गावातल्या टवाळांनी एका गरजू माणसाला सांगितलं. तो थेट पूजेत घुसला आणि नाथांच्या मांडीवर बसला. नाथांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. नाथांच्या पत्नी गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर तो त्यांच्या पाठीवर चढला.

नाथ म्हणाले, "सांभाळा, पडेल तो."

गिरिजाबाई म्हणाल्या, "आपल्या लेकाला, हरीला, पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे मला."

त्याची पैशाची नड पुढे नाथांनीच भागवली. आधी मागितले असते तर तेव्हाच दिले असते, एवढंच त्याला म्हणाले.