घासून गेलेले आकडे

(दृश्य : दापोलीजवळचं कौलारू घर. बाहेर पाऊस. माजघरात लाकडी खुंट्यांवर आडवी ठेवलेली लांब बंदूक.)

दापोलीला जुनी माणसं आजही 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांच्या पलटणींतले पेन्शनर इथे वस्तीला होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनीही काही वर्षं इथेच काढली. त्यामुळे या भागात परवान्याची जुनी ठासणीची बंदूक दिसली, की मागोमाग गोष्ट येतेच. "खापरपणजोबांची. सत्तावन सालातली."

गोष्टीकडे वळण्याआधी एक काम. नळीत गज सोडायचा, तोंडापाशी बोटाने खूण धरायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. चार बोटं कमी भरला, तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. अशी बंदूक हलवू नये, पोलिसांना कळवावं. ही रिकामी आहे.

(दृश्य : घोड्याखालची लोखंडी पट्टी. विजेरी अगदी कडेने धरलेली.)

समोरून उजेड टाकला तर नुसता गंज दिसतो. विजेरी आडवी धरा, सावल्या उठू लागतात. घोड्याच्या मागे मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची दोन अक्षरं. पुढे 'टॉवर', म्हणजे लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची खूण, त्यावर १८६०. म्हणजे सत्तावनची गोष्ट तीन वर्षांनी हुकली.

घडण १८५३च्या एन्फिल्ड रायफलीची. ३९ इंची नळी, ती दस्त्याला धरणाऱ्या तीन कड्या, पितळी साज. पण रायफलीच्या नळीत पिळाचे तीन चर असतात, गोळी लांब आणि नेमकी जाते ती त्यांच्यामुळे. इथे नळी आतून गुळगुळीत आहे आणि तोंडही मोठं, साधारण साडेसोळा मिलिमीटर. खरी रायफल साडेचौदाच्या आसपास भरते. नेम धरायची मागची माशीसुद्धा एकाच जागी पक्की.

हे झिजून झालेलं नाही, मुद्दाम केलेलं आहे. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायला सरकार धजेना, म्हणून हा गुळगुळीत नळीचा नमुना निघाला. सत्तावनची बंदूक नव्हे, सत्तावनच्या धास्तीची बंदूक. मला ही ओळख घरातल्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. ज्याने ती खांद्यावर वाहिली, त्याला आपल्यावरचा अविश्वास रोज हाताला लागत असणार.

(दृश्य : दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी, लखलखीत.)

पलटणीचे आकडे बहुतेक इथे ठोकलेले असतात. पण दर खंडेनवमीला या घरात बंदुकीची पूजा होते आणि त्याआधी पितळ चिंचेने घासलं जातं. किती पिढ्या, कुणी मोजलं नाही.

आजी पट्टीवरून बोट फिरवतात. "म्हणजे मीच पुसलं होय रे ते?"

आजी, तुम्ही सांभाळलीत म्हणून ती इथे आहे.

(दृश्य : फडकं, तेलाची वाटी, तासलेली बांबूची काडी.)

खाऱ्या हवेत लोखंडाला सुटका नाही. मीठ ओल ओढतं आणि गंज आत शिरतो. बोटाला लागतो तो तांबूस गंज जिवंत. तो पातळ मशीन ऑइलमध्ये भिजवून काडीने हळूहळू सोडवायचा, दिवस लागले तरी चालतील. काळपट, घट्ट बसलेला थर मात्र राहू द्यायचा. पॉलिश पेपर तर घरात आणूच नये. एका दुपारी नळी चकचकीत होते आणि १८६० कायमचं जातं. खोबरेलही नको, ते खवट होतं आणि धूळ धरतं. लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात, लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन थेंब. चाप-घोड्याचं काम परवानाधारक कारागिराकडेच. बंदूक जुनी झाली म्हणून परवाना आपोआप सुटत नाही.

(दृश्य : पुन्हा पितळी पट्टी, पुन्हा आडवा उजेड.)

एक '१' उरला आहे. त्याच्यापुढे अर्धा गोल. शून्य असेल, सहा असेल, नऊही असेल.

यंदा खंडेनवमीला आजींनी चिंच भिजवली नाही. हळदकुंकू आणि झेंडू पाटावर वाहिले, बंदुकीला फक्त कोरडं फडकं लावलं.