जातं थांबलं की ओवी थांबते

नमस्कार. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या रहदारीतनं वाट काढत एवढी माणसं आलात, बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय, 'लोकगीतांचा स्वतंत्र अल्बम : निर्मिती आणि स्वीकार'. स्वीकाराकडं मी येणार आहे. पण त्याआधी मला जात्याकडं जायला लागतंय.

इथं किती जणांच्या घरी जातं आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. आता, त्या जात्यावर फुलझाडाची कुंडी ठेवलेली नाही अशांनीच हात वर ठेवा. हं. लग्नात हळद दळायला कुंडी खाली येते, चार दिवसांनी परत वर जाते.

आमच्या अल्बममध्ये सात गाणी आहेत. पाच माझ्या आत्याच्या ओव्या, दोन हलगीवरची. कंपनी नाही, पैसे आमचे, मर्जी आमची, म्हणून इंडी फोक म्हणायचं. सुरुवात मात्र स्टुडिओत केली आणि तिथंच अडलो. आत्याला कागलकडच्या गावातनं एसटीनं आणलं. काचेपलीकडं बसवलं. कानाला हेडफोन, त्यात क्लिक, टक टक टक. रेकॉर्डिस्ट म्हणाले, "मावशी, या ठोक्यावर म्हणा." आत्यानं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला गप्प झाली. परत सुरू, परत गप्प. चौथ्यांदा तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "आरं, हात रिकामा असला की मला म्होरलं आठवतच न्हाई."

त्यावर रेकॉर्डिस्टचं उत्तर आलं, "शब्द लिहून आणा, बघून म्हणू दे. जात्याची घरघर माझ्याकडं तयार आहे, मागनं घालतो."

हे वाक्य मला अजून टोचतं. तो माणूस वाईट नव्हता, कामातही चोख होता. पण ओवी म्हणजे आधी गाणं आणि मागं जातं असं त्यानं धरलं होतं. दळणाऱ्या बाईचा श्वास खुंट्याबरोबर फिरतो. पाळ, म्हणजे जात्याचा वरचा दगड, जड झाली की ओळ लांबते. एक हात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायला वळला की तिथं ओळ थांबते, दाणे पडले की पुढची उचलते. पहिली ओवी देवाला, मग आई-बाप, मग भाऊ, हा क्रमसुद्धा हाताला पाठ असतो, डोक्याला नाही. जातं काढून घेतलंत तर तिची वहीच काढून घेतली.

म्हणून स्टुडिओ सोडला आणि आत्याच्या घरी गेलो. तिचं जातं परसात, पावसात पडून गुळगुळीत झालेलं. त्याला टाकी लावायची होती, म्हणजे दगड टोचून परत खरबरीत करायचा होता, आणि टाकी लावणारा मिळेना. पंधरा दिवस आसपासची गावं हिंडलो. शेवटी एक म्हातारे पाथरवट भेटले. पाळ उलटी करून छिन्नी-हातोडीनं दोन तास टोचे घालत बसले. एकेक टोचा कडेकडनं मधल्या भोकाकडं. मधेच तळहात फिरवायचे, मान हलवायचे, परत सुरू. जाताना बजावलं, पहिलं दळण खायचं नाही, दगडाची कच असती. ते दळण आम्ही बाजूला काढून टाकलं.

रेकॉर्डिंग पहाटे चारला, घराच्या सोप्यात. जमीन शेणानं सारवलेली, आवाज कुठं आदळत नव्हता. एक माइक आत्याच्या गळ्याजवळ, दुसरा जात्यापासून वीतभर. आत्यानं विचारलं, "किती येळ म्हणू?" मी म्हटलं, सुपातलं संपेस्तोवर. सूपभर जोंधळ्याला चौदा मिनिटं लागली. ते गाणं चौदा मिनिटांचंच आहे.

लांबीवरनं आठवलं. आपल्या शाहू महाराजांच्या दरबारातले शास्त्रीय गायक अल्लादियाखाँसाहेब, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानातनं केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची. गाणं मुळात भरलं त्या जुन्या तबकडीत तेवढंच मावायचं. आज तबकडीची अडचण नाही, तरी चौदा मिनिटं म्हटलं की लोक दचकतात. ओवीचं माप घड्याळानं कशाला घ्यायचं? धान्यानं घ्या की.

हलगीचंही तसंच. कातडं शेकलं की हलगीचा सूर चढतो, गार झाली की उतरतो. आमच्या गाण्यात तो शेवटाकडं उतरलेला ऐकू येतो. यंत्रानं सरळ करून देतो, असं एकानं सांगितलं. मी करू दिलं नाही. मधे हलगी शेकायला पेटवलेल्या गवताची चरचर येते, तीही ठेवली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर स्वीकार.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोकसंगीताच्या अल्बमचा स्वीकार सफाईवर ठरत नाही, अल्बम जिथं झाला ती जागा ऐकू येते का यावर ठरतो. अमेरिकेतला गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, त्यानं १९८२चा त्याचा 'नेब्रास्का' अल्बम घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर नमुना म्हणून केला होता. मग बँड घेऊन तीच गाणी परत वाजवली, पण बाहेर आली ती कॅसेटच. २००६-०७च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमध्ये जस्टिन व्हर्नन नावाचा गायक वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात एकटा राहिला, तिथंच गायला, आधी पाचशे प्रती स्वतःच काढल्या. आज जग ते ऐकतं. याच्यावर बोलायचं बरंच होतं, राहू दे.

आमच्याकडं एका महोत्सवाच्या निवड समितीनं 'ध्वनिमुद्रण सदोष, सतत घरघर' असा शेरा मारून अल्बम परत पाठवला. त्याच आठवड्यात राधानगरीकडनं एका बाईंचा फोन आला. नातवानं मोबाईलवर लावून दिलं होतं. आवाज छान, शब्द छान, यातलं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "जात्याला टाकी नवी लावलीया न्हवं? दगूड करकरतोय. पैलं दळाण टाकून दिलंसा का न्हाई?"

मी फोन आत्याच्या हातात दिला. अर्धा तास परत मिळाला नाही.