एक जादा पाऊल

मंडळी, पत्रिकेवर ‘प्रौढांसाठीची जपानी माध्यमं’ असं छापलंय, त्यामुळे मागच्या रांगेत आज बरीच तरुण मुलं दिसताहेत. त्यांची थोडी निराशा होणार आहे. मी बोलणार आहे कानाबद्दल.

जपानमध्ये हौशी माणसं स्वतः तयार करून स्वतःच विकतात त्याला ‘दोजिन’ म्हणतात. त्याचा सगळ्यात मोठा बाजार म्हणजे टोकियोचं कॉमिकेट, १९७५पासूनचं. ऑगस्ट २००२च्या कॉमिकेटमध्ये ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’ या साउंड नॉव्हेलचा, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर वाचायच्या, आवाजांची साथ असलेल्या गोष्टीचा, पहिला भाग आला. लेखकाचं टोपणनाव र्‍युकिशी०७, चित्रंही त्याचीच. चित्रं, खरं सांगायचं तर, बेतास बात. हातांचे पंजे भाकरी थापल्यासारखे. मागची दृश्यं म्हणजे गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो गावाचे फोटो, संगणकावर फिरवून घेतलेले. बरं, खेळणाऱ्याला निवडसुद्धा काही नाही. टिचकी मारायची, पुढची ओळ वाचायची. आता याला खेळ म्हणायचं का? मीही आधी नाकच मुरडलं होतं.

हिगुराशी हा झाडावर बसून ओरडणारा किडा, सिकाडाची एक जात. पहाटे आणि तिन्हीसांजेला ‘काना-काना-काना’ करतो. आपला रातकिडा वेगळा, पण दिवेलागणीला पोटात जे कालवतं ते तेच. गोष्टीत एक शाप आहे. तो ज्याला लागतो त्याला मागून पावलं ऐकू येतात. तो थांबला की तीही थांबतात, पण एक पाऊल जादा पडल्यावर. बस, एवढंच. पडद्यावर कुणी नाही. आणि पुढची ओळ आणायला टिचकी मारायची ती आपणच! भीती आपल्याच बोटाने पुढे सरकते. तिथे माझं नाक सरळ झालं.

त्याच्याही आधी, १९९७ साली, केंजी एनो या गृहस्थाने याहून मोठं धाडस केलं होतं. त्याची वार्प ही व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी. त्याला दृष्टिहीन खेळाडूंची पत्रं येत. तो त्यांना भेटायला गेला, ती माणसं किती खटपटीने खेळतात ते पाहिलं, आणि सेगा कंपनीच्या सॅटर्न या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर ‘रिअल साउंड : काझे नो रिग्रेट’ हा खेळ काढला. चित्र एकही नाही, पडदा काळा. पात्रं बोलतात, निवड करायची वेळ आली की घंटानाद होतो, आपण बटणाने वाट ठरवायची. आकाशवाणीच्या श्रुतिकेवर वाढलेल्या माझ्या पिढीला हे पटकन उमजेल. फरक इतकाच की इथे श्रुतिका थांबते आणि तुमची वाट बघते. सोबत ब्रेलमधली माहिती होती आणि बियांची एक पुडीही. एनोने सेगाला अट घातली : तुम्ही हजार यंत्रं दृष्टिहीनांना द्या, मी हजार प्रती देतो. दोन वर्षांनी दुसऱ्या यंत्रासाठी आवृत्ती निघाली, तिच्यात चित्रं आली. मला ती तडजोड वाटते.

आजचे दोजिनवाले यापुढे गेलेत, ते नुसत्या ऐकायच्या ध्वनिफिती काढतात. बर्लिनच्या नॉयमन कंपनीचं केयू १०० नावाचं एक कृत्रिम डोकं मिळतं. काळं, चेहरा नसलेलं, पण कान अगदी माणसाचे, आणि त्या कानांत मायक्रोफोन. डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. मागचा की पुढचा, ते कानाच्या पाळीच्या वळणांतून कळतं. अशा डोक्याच्या कानाशी कुजबुजलं की ऐकणाऱ्याला मानेपाशी श्वास लागल्याचा भास होतो. या ध्वनिफितींत कामुक पुष्कळ आहे, नाकारत नाही. पण बांबूच्या काडीने कोणीतरी आपले कान कोरतंय, एवढाच मजकूर असलेल्याही ढिगाने मिळतात. दिवसभर कचेरीत राबलेली माणसं अंथरुणात त्या ऐकतात. मांडीवर डोकं ठेवून कान कोरून घेणं ही तिकडची घरगुती माया. प्रौढांना नेमकं काय हवं असतं, याबद्दल मला त्या कान कोरण्याने जास्त सांगितलं.

इथे ऐकवलं असतं, पण सभागृहाच्या स्पीकरवर हे जमत नाही. दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात आणि सगळा खेळ विस्कटतो. म्हणून दारापाशी टेबलावर चार हेडफोन ठेवलेत. डावा-उजवा उलटा घालू नका. आणि मागे कोणी उभं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.