एका चादरीत पाच मीटर

(दृश्य: खिडकीच्या उजेडासमोर धरलेली चादर)

कपडे शिवायला घेतलेली डबल बेडची जुनी सुती चादर. रुंदी 90 इंच, लांबी 100. हेच कापड 45 इंच पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, मोजलं तर पाच मीटर भरतं. शिवाय आटायचं ते आटून झालंय, रंग जायचा तो जाऊन झालाय. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरातलं तीन ते पाच सहज आटतं, म्हणजे तीन मीटरमागे 9 ते 15 सेंटिमीटर. पैसे मात्र पूर्ण तीन मीटरचे.

मधला भाग बघा, जाळीसारखा दिसतोय. अंगाखाली घासून तिथलं सूत झिजलंय. त्यावर टीप मारली तर सुईच्या भोकांच्या रेषेतच कापड फाटतं. म्हणून पाठ, बाह्या, पुढचे भाग कडेच्या पट्ट्यांतून बेतायचे. मधला भाग ठेवायचा माप कच्चं शिवून बघायला.

(दृश्य: दोन अंगठे, ताणलेलं कापड)

कापड दोन अंगठ्यांत ताणून बघायचं. धागे सरकून फट पडली, की ती चादर शिवायला न घेता पुन्हा घडी करून ठेवायची.

(दृश्य: कटपीसचा ढीग)

कटपीस म्हणजे ताक्याचं उरलेलं टोक. स्वस्त खरं, पण बहुतेकदा वाकडं कापलेलं. चिठ्ठीवर दीड मीटर लिहिलेलं असलं तरी दोन्ही काठ मोजायचे आणि आखूड काठ खरा धरायचा.

(दृश्य: काठाशी कात्री, चिमटीत धागा; जवळून)

वाकडं कापड सरळ करायला काठाला छोटा छेद. एक आडवा धागा चिमटीत धरून हळूहळू ओढायचा. कापड चुण्या घेतं, मागे एक बारीक रेघ उमटते. धागा मध्येच तुटतो, तुटणारच. रेघ संपली तिथून पुन्हा पकडायचा. मग त्या रेघेवरून कात्री. ही दहा मिनिटं वाचवली, तर दोन-चार धुण्यांत पँटची बाजूची शिवण नडगीवर फिरून येते.

नव्या कापडाचा कोपरा तळहातांत जोरात चोळायचा. पांढरी पूड पडली तर ती खळ. धुतल्यावर कापड लुळं पडणार.

(दृश्य: चिमट्यात धागा, ज्योत, खाली पाण्याची वाटी)

सुती धागा कागदासारखा जळतो, राखेचा भुगा होतो. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, मात्र सुतासारखंच जळतं, तिथे ज्योत फसते. मग धागा भिजवून ओढायचा. व्हिस्कोस ओलं झालं की पटकन तुटतं. सूत ओलं असताना जास्तच चिवट.

पन्ह्याचा हिशेब तोंडीच होतो. एक कापड 58 इंच पन्ह्याचं, दुसरं 36 इंची: 58 भागिले 36, म्हणजे 1.6 पट कापड. मोठ्या पन्ह्याचं कापड मीटरला दीडपट महाग असलं, तरीही तेच स्वस्त.

(दृश्य: चादरीवर मांडलेला शर्टाचा कागदी साचा)

जुन्या चादरीचा शर्ट नव्या कापडाइतका टिकत नाही, हेही खरं.

वीण दाट असेल तर 11 नंबरची नवी सुई. बोथट सुईने टाके सुटतात. चादरीची डोक्याकडची दुमडलेली पट्टी उसवायची नाही. सरळ घेराचा शर्ट असेल तर साच्याची खालची रेघ, दुमडीची माया (दुमडायला ठेवलेली जादा पट्टी) वगळून, बरोबर त्या काठावर ठेवायची. खालची दुमड आयती मिळते.