बाई, पुढे काय झालं?

शिक्षकमित्रहो,

एखाद्या वर्गात मुलं पुस्तकांवर तुटून पडतात आणि शेजारच्या वर्गात पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं. आपण म्हणतो, त्या बाईंचा हातगुणच तसा. हातगुण असेलही, पण त्यांच्या वर्गात आठवडाभर बसून पाहिलं तर डोळ्यांत भरतं ते वेळापत्रक, एक बुटकी फळी आणि कोणत्या मुलाच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं याची बारीक नोंद. आज या तीन गोष्टींबद्दलच बोलू.

आधी बाईंचा आवाज. रोज १५ मिनिटं वर्गाला वाचून दाखवायचं आणि त्याची वेळ पक्की ठेवायची. शेवटच्या तासात ती ठेवू नका. दिवसभर जे काम तुंबतं त्याचा पहिला बळी तोच तास असतो. मधल्या सुट्टीनंतरची वेळ उत्तम, कारण दंगा करून आलेला वर्ग गोष्टीसाठी आपोआप बसतो. प्राथमिकच्या वयात ऐकून समजण्याची क्षमता वाचून समजण्याच्या पुढे असते, म्हणून मुलं स्वतः वाचू शकतात त्यापेक्षा एक-दोन इयत्ता वरचं पुस्तक निवडायला हरकत नाही.

वाचण्याआधी ते प्रकरण स्वतः एकदा वाचा आणि दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण करा: कुठे थबकायचं आणि आज कुठे थांबायचं. थांबायचं ते दार वाजतं तिथे. दार उघडल्यावर नाही. अवघड शब्द आला तर त्याचा अर्थ चालता चालता दोन शब्दांत सांगून पुढे निघा. दर ओळीला 'म्हणजे काय रे?' विचारलं की गोष्टीचा धडा होतो. चाळीस मुलांच्या वर्गात चित्रांचं पुस्तक मागच्या रांगेला दिसतच नाही. तिथे एक तर मजकुरावर उभी राहणारी गोष्ट घ्या, नाहीतर पान वाचून झाल्यावर पुस्तक घेऊन रांगांतून फिरा.

आणि वाचून झाल्यावर कृपा करून तात्पर्य विचारू नका. 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' या प्रश्नाचं उत्तर मुलं गोष्ट न ऐकताही देतात: खरं बोलावं, एकीनं राहावं. 'तुला कोण आवडलं नाही?', 'कुठे पटलं नाही?' असं विचारा. उत्तर देण्यासाठी गोष्ट ऐकलेलीच असावी लागते.

आता सर्वांत अवघड भाग. ऐकायला आवडणारं प्रत्येक मूल वाचायला लागतंच असं नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. ही बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणून एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. गोष्टी आवडतात पण पुस्तक नको म्हणणारं मूल बहुतेकदा आळशी नसतं, ते पहिल्या बाजूला अडलेलं असतं. देवनागरीत कुठे अडायला होतं हे आपल्याला ठाऊक आहे. 'कि'ची वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. 'चक्र', 'सूर्य', 'राष्ट्र', 'दऱ्या' या चार शब्दांत एकच 'र' चार वेषांत येतो. अशा मुलाला आवडीचा उपदेश काय कामाचा?

त्याला जोडीनं वाचन द्या. मोठं माणूस किंवा वरच्या वर्गातलं मूल शेजारी बसतं आणि दोघं एकाच वेळी मोठ्यानं वाचतात. मुलाला धीर आला की ते बाकावर टिचकी मारतं, मग जोडीदार गप्प. मूल अडलं तर चार-पाच सेकंद थांबायचं, तरी जमलं नाही तर शब्द सांगायचा, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचं. रोज दहा मिनिटं पुरतात. तोच उतारा तीन-चार दिवस पुन्हा वाचला तरी बिघडत नाही; ओळखीच्या वाटेवर चाल सुधारते.

उलट, एकेका मुलानं उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा ही जुनी पद्धत मोडीत काढलेली बरी. ३० मुलं आणि ३० मिनिटं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट. शिवाय मूल आपला परिच्छेद आधीच मोजून ठेवतं, तेवढाच मनात घोकतं आणि बाकी काही ऐकत नाही. कच्च्या मुलाची तर रोज चारचौघांत शोभा होते.

फळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी आणि पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून मांडलेली हवीत, कारण नुसता कणा पाहून पुस्तक निवडणं मोठ्यांनाही जड जातं. एका वेळी ४०-५० पुस्तकं ठेवा आणि दर पंधरवड्याला त्यातली दहा-बारा बदला. किडे, यंत्रं, ग्रह यांवरची माहितीची पुस्तकं हवीतच. गोष्टींना नाक मुरडणारी कितीतरी मुलं तिथे रमतात. नोंदवही मुलांच्याच हाती द्या. पुस्तक फाटलं तर दंड नको, शेजारी चिकटपट्टीचा डबा ठेवा. दंडाच्या भीतीनं पुस्तक घरी नेलंच जात नाही.

पुस्तक जमेल का हे पाहायला पाच बोटांची युक्ती प्रसिद्ध आहे: एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाच झाली की पुस्तक जड. मात्र हा हिशेब साधारण १०० शब्दांच्या पानाचा आहे. दुसरीच्या पुस्तकात पानावर ३० शब्द असतील तर दोन बोटंही पुष्कळ झाली. आणि विषयाचं वेड असलेलं मूल जड पुस्तकही ओढत नेतं, तेव्हा बोटं मोजत बसू नका.

स्वतंत्र वाचनाचा वेळ पहिली-दुसरीत पाच मिनिटांपासून सुरू करून चौथीपर्यंत वीसवर न्या. पुस्तक आदल्या दिवशीच निवडलेलं असावं, नाहीतर सगळा वेळ फळीपाशी जातो. दर दोन मिनिटांनी पुस्तक बदलणारं किंवा ठरावीक लयीत पानं उलटणारं मूल वाचत नसतं. त्याच्याशेजारी जाऊन बसा. दहा पानांनंतरही रंगलं नाही तर पुस्तक सोडण्याची मुभा द्या.

बक्षिसांबद्दल मात्र हात आखडताच ठेवा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. प्रमाणपत्राचं आमिष आधीच दाखवलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड तशी घटली नाही. 'जास्त पुस्तकं वाचेल त्याला चांदणी' असा तक्ता लावला की मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधू लागतात, हे तर प्रयोगाशिवायही दिसतं.

वाचून दाखवलेलं पुस्तक संपलं की ते कपाटात परत नेऊ नका. त्याच दिवशी फळीवर ठेवा. गोष्ट माहीत असल्यामुळे कच्च्या वाचकालाही ते पेलतं. सात-आठ जण एकदम मागतील, म्हणून फळीशेजारी कोरा कागद चिकटवून ठेवा, ज्याला हवं त्यानं नाव लिहावं. प्रत्येकाला तीन दिवस. यादीत खालून दुसरा असलेला मुलगा रोज येऊन आपला नंबर कितवा झाला ते पाहील. त्याला तेवढ्यात त्याच धाटणीचं दुसरं पुस्तक द्या.