मावस का मामे?

नमस्कार, श्रोतेहो. आज कार्टूनबद्दल बोलायचं आहे.

कार्टून म्हटलं की आपण म्हणतो, पोरांचं काम, आपल्याला त्याचं काय! पोरगं जेवत नाही म्हणून मोबाइल हातात देतो आणि आपण कामाला लागतो. पण एकदा त्याच्याजवळ बसून बघा. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या पडद्यावर नवी माणसं आली आहेत. एकमेकींवर जीव लावणाऱ्या दोन बाया आल्या, एकमेकांशी लग्न करणारे दोन पुरुष आले. मला आज एवढंच सांगायचं आहे, की ती जशी येतात तशी येऊ द्या. त्यांचं नातं बदलू नका.

आधी ही माणसं नव्हती का? होती, पण बहुतेक वेळा वाईटाच्या रूपात. १९८९ च्या 'द लिटल मर्मेड'मध्ये उर्सुला नावाची समुद्रातली चेटकीण आहे. तिचं रूप काढताना डिव्हाइन नावाचा अमेरिकन नट डोळ्यांपुढे होता. हा नट बाईच्या वेषात कामं करायचा. आपल्याकडे काय वेगळं आहे? खडी गंमत म्हणजे आपला विदर्भातला तमाशा; त्यात बाईच्या वेषातला नाच्या रात्रभर नाचतो, आपण शिट्ट्या मारतो, बक्षिसाच्या नोटा देतो. आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याच माणसाला टोमणे मारतो. हे मला फार लागतं.

आता ती गोष्ट सांगते, जी मी भेटेल त्याला सांगत असते.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडे. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. अलीकडे मंडईत दंडारीच्या, म्हणजे आपल्या नाचगाण्याच्या लोकनाट्याच्या, जागी डीजे वाजतो, त्यानं छातीत धडधडतं आणि गाणंही कळत नाही. ही दंडार आपण आपल्या हातानं मारतो आहोत, हे मी बोलल्याशिवाय राहणार नाही. असो. जेवणं झाली होती. माझी मोठी माय ओसरीत सुपात लाखोळीची डाळ घेऊन बसली होती. खडा सापडला की अंगठ्यानं उडवायची, तो थेट अंगणात. माझी भाची नागपूरला ॲनिमेशन शिकते. तिनं पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि 'स्टीव्हन युनिव्हर्स' लावलं. रिबेका शुगर यांची ही मालिका २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. त्यात रुबी आणि सफायर या दोघींचं लग्न आहे. रुबीनं पांढरा झगा घातला आहे, सफायरनं कोट.

मोठी मायनं मान वर केली. "कोनाचं लगन होय वो?"

"या दोघींचं, आजी."

"दोघी पोट्ट्याच?"

"हो. दोघी पोट्ट्याच."

सूप थांबलं. मला वाटलं, आता काही तरी ऐकावं लागणार. तर म्हणते कशी, "मंग मंगलाष्टका कोन म्हनून रायला?"

भाची म्हणाली, "तो पोट्टा, स्टीव्हन. तोच लगन लावते." तेवढ्यात आभाळातून शत्रू उतरले आणि मांडवात पळापळ झाली. मोठी माय म्हणाली, "लगनात इघन येतेच. माह्या लगनात बैल बुजले होते." आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

मग भाचीला धीर आला. तिनं जपानच्या 'सेलर मून'ची गोष्ट काढली. ही नव्वदच्या दशकातली मालिका. तिच्यात हारुका आणि मिचिरू अशा दोघी आहेत, दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. मालिका अमेरिकेत नेली, इंग्रजी आवाज चढवला आणि या दोघींना नात्यातल्या बहिणी करून टाकलं. चित्र तेच, नजर तीच, हातात हातही तसाच. बोलणं तेवढं बदललं.

हे ऐकून मोठी मायनं सूप खालीच ठेवलं. "बहिनी? कोनत्या बहिनी? मावस का मामे?"

भाचीला उत्तर सुचेना. मलाही नाही.

"मामे-आते असन तं आपल्यात सोयरीक होते. मावस असन तं सख्खीसारखीच. आन् ह्या एकमेकीकडं अशा पाहून रायल्या! काहून असं खोटं सांगतलं त्याहिनं? खरं सांगतलं असतं तं लेकराले समजलं असतं. आता लेकराले वाटन, बहिनी अशाच रायतात."

श्रोतेहो, शाळेची पायरी न चढलेली ही बाई. लेकरांना जपायचं म्हणून नातं बदललं, आणि लेकरांचाच घोटाळा केला, हे तिला डाळ निवडता निवडता कळलं. म्हणून पुन्हा म्हणते, नातं बदलू नका.

बाकीचं थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या 'आर्थर' मालिकेत रॅटबर्न गुरुजींनी एका पुरुषाशी लग्न केलं. अलाबामा राज्याच्या सार्वजनिक वाहिनीनं तो भाग दाखवलाच नाही. गोष्टीतल्या पोरांना मात्र लग्नाचं काहीच वाटत नाही, गुरुजी नाचतात याचीच त्यांना लाज वाटते! २०२२ च्या 'लाइटइयर'मध्ये दोन बायकांचं एक चुंबन आहे, तेवढ्यावरून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया इथे तो चित्रपट लागला नाही. रुबी-सफायरचं लग्न दाखवलं ते ६ जुलै २०१८ ला. बरोबर दोन महिन्यांनी, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ बद्दल निकाल दिला आणि अशा दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम गुन्हा राहिलं नाही. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालातही मिळाला नाही.

आणखी एक दुखणं. आपली पोरं कार्टून बघतात ते हिंदीत. दुसरीतलं पोरगं आईला हिंदीत भूक लागल्याचं सांगतं आणि आपण कौतुक करतो. मराठीत का नाही? आपल्या बोलीत का नाही? उद्या कुणी मराठी आवाज चढवायला बसलंच, तर दोघींना मैत्रिणी किंवा बहिणी करू नका. आणि घरात पोरानं विचारलं, "आई, या दोघी कोण?" तर पोराच्या हातून मोबाइल हिसकू नका. "त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे" एवढं सांगा. पोरं तेवढ्यावर पुढे जातात. गावात एखादं पोरगं असंही असतं, जे हे उत्तर स्वतःसाठी ऐकत असतं.

माझ्या भाचीनं आता दंडारीत बाईचं काम करणाऱ्या एका पोराची छोटी कार्टून फिल्म काढायला घेतली आहे, आपल्या भागातल्या झाडीबोलीत. तिला त्यात आजीचा आवाज हवा आहे. मोठी माय म्हणाली, "पयले काहानी सांग. त्या पोट्ट्याले हसाले ठेवलं असन तं मी आवाज देत नाई."

नमस्कार.